हवालदारांचा चौथा भाग

आमच्या सहकारी साखर कारखान्याचा भोंगा बी-फ्लॅट या सुरापेक्षा किंचित उतरलेला आहे, अशी लेखी तक्रार करणारा माणूस महाराष्ट्रात एकच झाला असावा, आणि तो कारखान्याच्याच गेटवर नोकरीला होता. तक्रार रीतसर होती. विषय, संदर्भ, मा. चीफ इंजिनिअर यांचे सेवेशी. वाफेचा दाब थोडा वाढवल्यास भोंगा सुरात येईल आणि 'त्यात कारखान्याचा कोणताही तोटा नाही', असं शेवटी अधोरेखित केलं होतं. चीफ इंजिनिअरनी त्यावर 'पाहिले' असा शेरा मारून कागद माझ्याकडे पाठवला. ज्या कागदाचं काय करायचं हे कुणालाच कळायचं नाही, तो शेवटी माझ्या टेबलावर येत असे.

मी हेड ऑफिसात कारकून होतो. बी.ए. झालेला दुसरा कुणी तिथं नसल्यामुळे चेअरमनसाहेबांची भाषणं लिहिणं आणि समारंभात माइकसमोर उभं राहणं ही कामंही माझ्याकडे आली होती. 'सहकाराची गंगा', 'माळरानावर फुललेलं नंदनवन' हे शब्द मी इतक्या वेळा लिहिले, की माळरान दिसलं की हात आपोआप पुढचं वाक्य लिहू लागायचा. मनातून मला या सगळ्याचं हसू यायचं. हसू येत असलं तरी काम चोख व्हायचं, याचा मला तेव्हा अभिमानही वाटत असे.

तक्रार करणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे हवालदार म्हणत. पंधरा वर्षं लष्कराच्या बँडमध्ये काढून ते परत आले होते. माजी सैनिक म्हणून त्यांना कारखान्याच्या गेटवर नेमलं. हाताखाली अकरा पहारेकरी आणि एक कुत्रं. कुत्र्याला ते फक्त इंग्रजीत हुकूम देत, आणि ते ऐकत नसे. कडक इस्त्रीच्या खाकी शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सूर तपासायचा, दोन बोटांचा एक पोलादी चिमटा असे. लोखंडी गेटवर तो आपटून ते कानाशी धरत, डोळे मिटत, आणि ट्रकवाला हॉर्न मारून मारून थकला तरी उघडत नसत. मग शांतपणे सांगत, "तुझा हॉर्न एक घर खाली हाय. जा."

ट्रकवाल्यांचं निभावलं, पण बैलगाड्यांच्या बाबतीत प्रकरण हातघाईवर आलं. उसाच्या गाड्यांची रांग गेटपासून पार हमरस्त्यापर्यंत लागायची. एके दिवशी हवालदारांनी रांगेतली सोळावी गाडी काढून चौथ्या गाडीच्या मागे लावली. मधल्या अकरा गाड्यांचे मालक काठ्या घेऊन आले.

"का वो हवालदार, सोयरा हाय का तुमचा?"

"न्हाय."

"मग चिरीमिरी घेतली?"

"त्या बैलांच्या घुंगरमाळा आन् ह्या बैलांच्या घुंगरमाळा जवळ आणल्या की काय व्हतंय, जरा ऐका तर."

अकरा शेतकरी काठ्या टेकून अर्धा मिनिट खरोखरच ऐकत उभे राहिले. मग एक जण म्हणाला, "लई चांगलं हाय. आता गाडी माघारी घ्या." त्यांनी घेतली. मेमो मीच टाइप केला.

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते याच्याही आधी, बहात्तरच्या दुष्काळात. ईट गावाच्या बाजूला पाझर तलावाचं काम चाललं होतं. मी हजेरी घ्यायला होतो, ते नुकतेच फौजेतून सुटून मुकादम म्हणून आले होते. खडी फोडणाऱ्या बायकांना त्यांनी तीनाच्या ठेक्यावर हातोडा मारायला लावलं. एक जड, दोन हलके. असं केलं तर दमायला होत नाही, असं त्यांचं म्हणणं. दुपारपर्यंत बायकांनी सोसलं. मग एक म्हातारी हातोडा खाली ठेवून म्हणाली, "मुकादम, जात्यावर बी आमी आमच्याच ठेक्यानं दळतो. तुमच्या तीनानं नुसता हात मोडतोय. तुमची फौज येगळी, आमचा धोंडा येगळा." हवालदारांनी तिचं म्हणणं नोंदवून घ्यावं तसं खिशातून कागद काढला आणि त्यावर काही ठिपके-रेघा ओढल्या. मला वाटलं, हे गृहस्थ उन्हानं थोडे सरकले आहेत. पुढं कळलं, की म्हातारीचा ठेका त्यांनी लिहून घेतला होता.

ते ठिपके वाढत गेले. आठ-नऊ वर्षांत त्यांचा एक मोठा कागदी भारा झाला. पाश्चात्त्य पद्धतीच्या वाद्यवृंदासाठी त्यांनी चार भागांची एक रचना लिहिली होती. पहिल्यात खडीचं काम, दुसऱ्यात पाण्याच्या टँकरमागची घागरींची रांग, तिसऱ्यात एकामागून एक आटणाऱ्या विहिरी. चौथ्यात काय आहे, हे मी विचारलं तेव्हा म्हणाले, "ते सांगायचं नसतंय, भाऊसाहेब. ऐकायचं असतंय."

मला गंमत वाटायची. मोठी माणसं मोठ्या गोष्टी करताना मी रोज पाहत होतो आणि त्यांचं काय होतं तेही पाहत होतो. हा छोटा माणूस मोठी गोष्ट करतोय, एवढाच फरक, असं मी समजत होतो.

मग एकदा गेटवरच्या केबिनमध्ये चहा पिताना त्यांनी मला वडिलांचं सांगितलं.

"माझा बाप बेंबळीला गावकीची हलगी वाजवायचा. लगीन असू दे, मयत असू दे, पाटलाकडं पावना येऊ दे. निरोप आला की हातातला घास ठिवून जायचं. धर्मांतर झालं आन् त्यानं हलगी फोडली. पुन्हा वाजवली न्हाय. पाटलानं दोन वर्सं मळ्यात पाय ठिवू दिला न्हाय, तरी न्हाय. आन् मी, त्याचा लेक, फौजेत गेलो ते बँडमधी! त्याला वाटलं, ह्यो माघारी तिथंच गेला. म्हणला, साहेब म्हणंल तवा वाजवायचं असंल, तर माझी हलगी काय वाईट व्हती?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणलो, आबा, मी कागद बघून वाजवतो. कागदावर लिवलंय तेच, आन् लिवलंय तवाच. जनरल जरी मधी आला तरी त्याला बी उभं ऱ्हावं लागतंय." त्यांनी बशी खाली ठेवली. "त्याला पटलं न्हाय. तवापास्नं आमी बोलत न्हाय. मला त्याला एकदा खुर्चीवर बसवून ऐकवायचंय. लोक गप बसलेत, कोण जेवत न्हाय, कोण कुणाला हार घालत न्हाय, आन् आपुन वाजवतोय. एकदाच. मग तो काय म्हणायचं ते म्हणू दे."

त्या वर्षी गळीत हंगामाच्या शुभारंभाला ऑर्केस्ट्रा ठेवण्याची परवानगी चेअरमनसाहेबांनी दिली. याचं थोडं श्रेय माझं आहे. अर्जात मी 'मराठवाड्यात प्रथमच' हे दोन शब्द घातले होते, आणि त्या दोन शब्दांपुढं चेअरमनसाहेब कधीच टिकले नाहीत. कार्यक्रमपत्रिका वाचताना मात्र ते एका ठिकाणी अडखळले.

"ह्ये 'रोमँटिक संगीत' म्हंजे तसलं काय न्हाय ना? बायामाणसं असत्यात."

"न्हाय साहेब," हवालदार म्हणाले, "जर्मनीतल्या लोकांचं हाय. शंभर-सव्वाशे वर्सं झाली."

"मेलेत का ते?"

"समदे."

"मग असू द्या."

तालमी साखरेच्या रिकाम्या गोदामात सुरू झाल्या. उमरग्याचा लग्नातला बँड, त्याचे आठ जण. मालक चाँदभाई, कर्नेट नावाचं पितळी वाद्य वाजवायचे. आमचे दोन पहारेकरी ढोलांवर. ऊस तोलायच्या वजनकाट्यावरचा एक बाबू झांजांवर. आणि उमरग्याच्या एका दवाखान्यातली केरळकडची नर्स, जिला सगळे सिस्टर म्हणत. ती लहानपणी चर्चमध्ये व्हायोलिन शिकली होती आणि साऱ्या जिल्ह्यात तेवढं एकच व्हायोलिन हवालदारांच्या माहितीत होतं. ज्यांना इंग्रजी पद्धतीची लिपी येत नव्हती, त्यांच्यासाठी हवालदारांनी प्रत्येकाचा कागद सा-रे-ग-म मध्ये वेगळा लिहून दिला.

चाँदभाईंना मूलभूत शंका होती. "हवालदारसाब, इसमें नाचने की जगा किदर है?"

"नाचायचं न्हाय."

"फिर दूल्हा क्या करेगा?"

"नवरदेव न्हाईच हितं."

"बगैर दूल्हे का बँड!" चाँदभाईंनी कर्नेट मांडीवर ठेवलं. "अब तक तो दूल्हा भाग जाए तोच ऐसा होता था."

पण ते आले. रोज सायकलींवर, कडेला वाद्यं बांधून आले. दोन महिन्यांनी गोदामातून जे ऐकू यायला लागलं, ते ऐकून माझी गंमत वाटणं हळूहळू थांबलं. मी संगीतातला नाही. पण फायली घेऊन मी गोदामावरून जायला लागलो, जिकडं जायचं नसे तिकडं जातानासुद्धा.

शेवटच्या तालमीनंतर हवालदारांनी मला बाजूला घेतलं. "माइक तुमच्याकडं हाय, म्हणून तुमालाच सांगतो. तिसरा भाग संपला की माझा हात वरच ऱ्हाईल. हात वर हाय तवर काम चालू हाय. मी मनात वीस मोजणार. मग चौथा. तुमी बी मोजा, आन् कुणाला बोलू देऊ नका."

"वीस कशासाठी?"

"हीर आटली म्हणून लोक लगीच उठून दुसरीकडं जात न्हाईत, भाऊसाहेब. थोडं काठावर बसतेत. तेवढं बसायचं."

समारंभ सकाळी दहाचा होता. मंत्री साडेअकराला आले. मोळी टाकून झाली, चेअरमनसाहेबांनी माझं भाषण वाचलं, नंदनवन फुललं. मंडप गच्च भरला होता. कारण जिल्ह्यात ऑर्केस्ट्रा म्हणजे सिनेमाची गाणी आणि गाणारी बाई, आणि पत्रिकेवर 'भव्य ऑर्केस्ट्रा' हे मीच छापलं होतं. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर पांढरंशुभ्र धोतर नेसलेले आणि तसाच पटका बांधलेले एक म्हातारे गृहस्थ काठी गुडघ्यांवर आडवी ठेवून बसले होते. ते आबा; हवालदारांच्या बायकोनं त्यांना बेंबळीहून आणलं होतं. काय सांगून आणलं, ते मला माहीत नाही. हवालदारांनी व्यासपीठावरून एकदा तिकडं पाहिलं आणि परत पाहिलं नाही.

आधी जर्मन मंडळींचं संगीत सुरू झालं तेव्हा मागून आवाज आला, "गाणं म्हणा की वो!" दुसरा म्हणाला, "बाई कुठंय?" चाँदभाईंचं कर्नेट एकदा घसरलं, लोक हसले. पण मग काय झालं कुणास ठाऊक, मंडप गप्प होत गेला. बुंदी पाडणारे आचारी झारे घेऊन कनातीशी येऊन उभे राहिले. मग हवालदारांनी स्वतःची रचना सुरू केली. पहिल्या भागात ढोलावर म्हातारीचा तो ठेका आला आणि बायकांच्या बाजूला बसलेल्या एकीची मूठ मांडीवर हलायला लागली. तिनं शेजारणीला कोपर मारलं. आबा हलले नव्हते. पण त्यांनी मान थोडी तिरकी केली होती, कमी ऐकू येणारी माणसं चांगला कान पुढं करतात तशी.

तिसऱ्या भागात एक एक वाद्य थांबत गेलं. आधी झांजा, मग ढोल, मग पितळेची सगळी. शेवटी सिस्टरचं व्हायोलिन एका सुरावर राहिलं आणि तेही थांबलं. हवालदारांचा हात वर होता. मी मोजायला लागलो. आमच्या भागातला एवढा मोठा जमाव इतका गप्प मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही.

अकरावर मंत्री उठून उभे राहिले.

चेअरमनसाहेबांनी माझ्याकडं पाहिलं आणि दोन बोटं हवेत फिरवली. या खुणेचा अर्थ कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होता. उरका. मंत्री निघाले आणि सत्कार राहिला, तर पुढचं वर्षभर काय होतं तेही सगळ्यांना ठाऊक होतं. हवालदारांचा हात वरच होता, तो मला दिसत होता. मला बारा मोजता आलं असतं. मी माइक ओढला आणि म्हणालो, "यानंतर माननीय मंत्रिमहोदयांचा शाल, श्रीफळ व पुष्पहार देऊन यथोचित सत्कार—"

सत्कार हा शब्द ऐकल्यावर बँडवाल्यानं काय करायचं, हे चाँदभाईंच्या माणसांना सांगावं लागत नाही. वीस-वीस वर्षांची सवय. शाल उचलली की सलामी. आठही जणांनी वाद्यं तोंडाला लावली आणि लग्नात व्याह्यांच्या भेटीला वाजते ती सलामीची धून मंडपात सुरू झाली. पहारेकऱ्यांनी ढोल धरला. एकटी सिस्टर व्हायोलिनचा गज हातात घेऊन गोंधळून बघत राहिली.

हवालदारांचा हात अजून वर होता. त्यांनी आधी बँडवाल्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. धून बेतालपणे धावत होती. तेव्हा त्यांनी तो हात खाली आणला, बरोबर ठेक्यावर, आणि सलामीला ताल देऊ लागले. शाल घालून झाली, हार झाला, नारळ झाला. त्यांनी ती धून इतकी सफाईनं संपवली, की मंत्र्यांनी वळून त्यांच्याकडं बघून मान डोलावली.

तिसऱ्या रांगेत आबा उठले. खुर्ची त्यांनी सरळ रांगेत लावून ठेवली आणि काठी टेकत कनातीच्या फटीतून बाहेर गेले.

यानंतर लोक जेवायला उठले. चाँदभाई मागच्या बाजूला आपल्याच गालात मारून घेत होते. "हात अपने आप उठ गए, साब. अल्ला कसम, अपने आप." माझ्याजवळ तीही सोय नव्हती. मी हवालदारांकडं गेलो. ते कागदांवर पडलेली फुलं झटकत होते.

"तुमी किती मोजले, भाऊसाहेब?"

"अकरा."

"माझे तेरा झाले व्हते," ते म्हणाले. "तुमी जरा हळू मोजता."

याउपर त्या विषयावर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत. पुढच्या हंगामात पुन्हा कार्यक्रम ठेवू, असं मी दरवर्षी म्हणत राहिलो. ते "बरं" म्हणत. गेटवर दर सोमवारी पहारेकऱ्यांच्या पाळ्यांचा कागद लागायचा, त्यांच्या स्वच्छ अक्षरात. आठवडा संपला की तो काढून फेकला जायचा. वाऱ्यानं एकदा त्यातला एक उलटा झाला आणि मागं ठिपके आणि रेघा दिसल्या. तोवर दीड-दोन वर्षं होऊन गेली होती. मी रोज दोनदा त्या कागदाखालून जात होतो. केबिनमध्ये जाऊन विचारलं, तर म्हणाले, "एक बाजू कोरीच व्हती. वाया कशाला घालवायची?" मी भारा बघायला मागितला. दुसऱ्या भागातली आठ-दहा पानं उरली होती. ती त्यांनी मला दिली नाहीत, आणि पाळ्यांना वापरायचंही थांबवलं नाही.

एका एप्रिलमध्ये, ड्यूटीवरच, छातीत दुखू लागून हवालदार गेले. कारखान्यानं शोकसभा घेतली. शोकप्रस्ताव मी लिहिला. तो चांगला झाला होता, असं लोक म्हणाले.

पुढं महिन्याभरानं मी बेंबळीला गेलो. मी काय करायला गेलो होतो, हे मला एसटीत बसेपर्यंत पक्कं ठाऊक होतं. आबा पत्र्याच्या सावलीत बाजेवर बसले होते. मी ओळख सांगितली, पाणी प्यालो आणि मग एका दमात सांगून टाकलं. ती सलामी कागदावर नव्हती. हवालदारांनी ती सांगितली नव्हती. माझ्या तोंडून ते शब्द गेले म्हणून ती वाजली. त्यांचं वाजवणं तिथं संपलंच नव्हतं, चौथा भाग राहिला होता, आणि तो तुमच्यासाठी होता.

आबांनी शेजारची काठी गुडघ्यांवर घेतली.

"चौथा व्हता?"

"होता. त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"आमी बोलत न्हवतो." त्यांनी काठी बाजेखाली सरकवली. "मग तुमी मधीच का बोललाव?"

"मंत्री निघाले होते, आबा. उभे राहिले होते."

"गेले का मग?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्यासाठी एवढ्या लांब येण्याची गरज नव्हती.

"नाही. बसून बसून त्यांच्या पायाला मुंग्या आल्या होत्या, म्हणून उठले होते. मग जेवले. गेस्ट हाउसवर झोपले. चार वाजता गेले."

"आन् ह्याचा त्यो चौथा कितीचा व्हता?"

"सात मिनिटांचा."

आबांनी मान हलवली. घरातून कुणीतरी चहा आणून माझ्यापुढं ठेवला.

"सात मिंटं," ते म्हणाले. "सात मिंटं बसलो असतो की मी."